सक्तीचं पालकत्व

माझं हिमोग्लोबिन १० निघालं आणि रामबागेतल्या आमच्या घरात पालकाचं राज्य आलं. सकाळी पालकाचा रस, दुपारी पालकाची भाजी, रात्री पालकाचे पराठे. एकदा तर पोह्यांवर शेवेखाली हिरवं काही दिसलं. कोथिंबीर समजून खाल्लं, नव्हती. पोह्यांशी असा दगाफटका इंदुरात कुणी करत नाही हो!

निवडायचं काम अर्थात माझं. जुडी पेपरावर पसरा, पिवळी पानं काढा, देठं मोडा, तीन पाण्यांतून धुवा. तरी चौथ्या घासाला रेती दाताखाली कचकन बोलतेच. आणि एवढा ढीग कढईत गेला की उरते वाटीभर. ती वाटी बघून सौ. रोज म्हणायची, "अहो, फारच आळली. उद्या दोन जुड्या आणा."

तिसऱ्या महिन्यात पाठीतून जी कळ आली, ती थेट सोनोग्राफीच्या टेबलावर घेऊन गेली. ४ मिलिमीटरचा खडा. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली. मी रसापासून सुरुवात केली. पराठ्यांपर्यंत पोचेतो त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

"काका, पालेभाजी खा म्हटलं होतं, चरा नव्हतं म्हटलं."

खड्याला कारणं पुष्कळ असतात, पण पालकात ऑक्झलेट भरपूर. लघवीत त्याची कॅल्शियमशी गाठ पडली की जमतो खडा. मेथीत ते बरंच कमी. पालक खायचाच तर उकडून पाणी फेका, सोबत दही-ताक घ्या, म्हणजे त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. वर, पालकातलं लोह अंगी लागतं थोडंच. (तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन किती? साडेदहा.)

घरी आईला हे सगळं सांगितलं. तिनं जपमाळ थांबवली.

"म्हणजे ताकातला पालक. मग मी जन्मभर दुसरं काय करत होते रे?"

आता पालक आठवड्यातून एकदा, तोही ताकातला. एरवी कधी मेथी, नाहीतर गिलकी-दुधी. देठं ओल्या कचऱ्याच्या डब्यात. तो कचरा देवगुराडियाला जातो. रोज ५५० टन पचवण्याच्या तयारीनं २०२२ मध्ये तिथे प्लांट उभा राहिला. त्याच्या गॅसवर सिटी बस धावतात. माझ्यापेक्षा त्याची पचनशक्ती बरी.

परवा रात्री अशाच एका बसनं राजवाड्याला उतरलो आणि सराफ्याच्या खाऊगल्लीत गरमागरम गराडू (तळलेला कंद) हाणले. घरी विचारलंच, तर सांगायचं ठरवलंय : पालकच घेऊन गेला.