मल्टीटूलवरच्या तक्रारी एकमेकींशीच भांडतात

खिशातल्या मल्टीटूलला, म्हणजे पक्कड, पाती, स्क्रूड्रायव्हर एकात दुमडून ठेवणाऱ्या हत्याराला, झोडपणारा एक मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: मल्टीटूल म्हणजे अर्धवट हत्यारांची मोळी. पक्कड जोर लावला की तुटते, कारण कंपन्या धातू वाचवतात. हँडल तळव्यात रुततं, हा निव्वळ आळशीपणा. स्क्रूड्रायव्हर शोभेचे, त्यांत पिळायची ताकदच नाही. पोलाद मुद्दाम मऊ ठेवलेलं, म्हणजे दोन वर्षांत तुम्ही नवं घ्याल. लॉक ही जाहिरातबाजी. तरीही घ्यायचंच असेल तर सर्वांत जास्त हत्यारांचं, टायटॅनियमचं घ्या. घरातल्या विजेच्या किरकोळ कामांना तेवढं बरं.

एकेक वाक्य सुटं वाचलं तर प्रत्येकात थोडंफार तथ्य सापडतं. सलग वाचलं की मात्र लक्षात येतं, की लिहिणाऱ्याला जाडजूड पक्कड हवी आहे आणि खिसाही जड व्हायला नको आहे. पोलाद कडक हवं, पण ते तुटायला नको. हत्यार चटकन हाती यावं, पण हाताला काही टोचू नये. ह्यातल्या एका मागणीची किंमत दुसरीच्या खिशातून जाते. कोणती मागणी किती सोडायची, हे ठरवण्यातच ह्या हत्याराच्या रचनाकाराचा बहुतेक वेळ जातो, आणि हा मजकूर नेमकं तेच ओळखत नाही.

पकडीपासून सुरुवात करू. पक्कड म्हणजे एका खिळीवर फिरणाऱ्या दोन तरफा. खिशात मावायचं म्हणजे मिटलेली लांबी साधारण दहा सेंटीमीटर, आणि मिटताना जबडे त्याच दहा सेंटीमीटरच्या हँडलांच्या पोटात शिरले पाहिजेत. हाताचा जोर खिळीपासून आठ सेंटीमीटरवर पडतो असं धरा. तार कापायची धार खिळीपासून एक सेंटीमीटरवर असेल तर तिथे आठपट जोर पोहोचतो, आणि तो काही वाईट नाही. जबड्याचं टोक तीन सेंटीमीटरवर असेल तर तिथे तिप्पटही होत नाही. लांब दांड्यांची नेहमीची पक्कड ह्यात पुढे राहणारच. पण तो फरक खिशाने ठरवलेला आहे, कारखान्यातल्या काटकसरीने नव्हे.

आता तुटण्याचं. बारीक नाकाची पक्कड सरळ दाबून क्वचितच तुटते. ती तुटते पिळताना: टोकाने नट धरून फिरवायला गेलं, किंवा अडकलेला खिळा टोकात धरून आडवा हिसडला, की. दांडीच्या वाकण्याचं गणित निर्दय असतं. जबड्याची उंची निम्मी केली, तर तेवढ्याच जोराला त्यातला ताण चौपट होतो. म्हणून टोक जितकं निमुळतं, तितकं ते अरुंद जागेत शिरतं आणि तितकंच लवकर मोडतं. बोथट, रुंद नाक ठेवलं तर नट धरायला उत्तम, पण सर्किटच्या खोबणीत पडलेला वॉशर त्याने उचलता येत नाही. दोन्ही गुण एकाच जबड्यात पुरेपूर मिळत नाहीत.

धातू वाढवून जाड जबडा करायला कोणी अडवलेलं नाही, आणि तसं केलेलंही आहे. लेदरमनचं सर्ज साधारण साडेतीनशे ग्रॅम भरतं, वेव्ह प्लस २४१ ग्रॅम, स्केलेटूल १४२. तिन्ही एकाच कंपनीची. ज्याला भक्कम पक्कड हवी त्याने सर्ज घ्यावं आणि पट्ट्याला म्यान लावावं. ते पँटच्या खिशात राहत नाही ही तक्रार मग करायची नाही.

जोर वाढवण्याची आणखी एक युक्ती आहे. एसओजी ह्या कंपनीने काही मल्टीटूल्समध्ये हँडल आणि जबडा ह्यांच्यामध्ये दाते बसवले. हाताचा जोर त्यामुळे खूपच वाढून पोहोचतो, आणि तार कापताना ते जाणवतं. पण फुकट काहीच मिळत नाही. जोर जितका वाढला तितकीच जबड्याची हालचाल घटते, म्हणजे हँडलं खूप फाकवली तरी जबडा त्या मानाने कमी उघडतो. शिवाय दात्यांत वाळू, लाकडाचा भुसा, खिशातले धागे अडकतात. मला स्वतःला हा सौदा फारसा पटत नाही, पण दिवसभर तारा तोडणाऱ्याला तो नक्की पटेल.

हँडल रुततं, ही त्या मजकुरातली माझी सर्वांत आवडती तक्रार. ती खरी आहे आणि तिचं दिलेलं कारण साफ चुकीचं आहे. लेदरमन कंपनीचा संस्थापक टिम लेदरमन ह्याला १९७५ साली एका जुन्या फियाटमधून युरोप फिरताना पक्कड असलेल्या खिशातल्या चाकूची कल्पना सुचली, आणि त्याचं पहिलं मल्टीटूल, पीएसटी, १९८३ मध्ये बाजारात आलं. त्याची हँडलं पत्रा वाकवून केलेल्या पन्हळीसारखी होती. हत्यारं त्या पन्हळीत, आणि पन्हळीचं तोंड आतल्या बाजूला, जिथे मिटलेली पक्कड बसते. पक्कड उघडताना प्रत्येक हँडल १८० अंश फिरतं, म्हणजे आतली बाजू बाहेर येते. पन्हळीचं तोंड तळव्याकडे वळतं आणि दाबताना पत्र्याच्या दोन कडा हातात रुततात. ह्यात आळस कुठे आहे? हा भूमितीचा परिणाम आहे.

तो टाळायचा तर पन्हळीचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे पक्कड उघडल्यावर ते आत जाईल. व्हिक्टोरिनॉक्स ह्या स्विस कंपनीचं स्विसटूल असं आहे. पक्कड न उघडता त्याची सगळी हत्यारं बाहेरून निघतात, आणि दाबताना तळव्याला गुळगुळीत पाठ लागते. वापरायला फार सुखाचं. पण वजन पाव किलोच्या पुढे गेलं, आणि पीएसटी त्याच्या साधारण निम्म्यावर होतं. लेदरमनने १९९८ च्या वेव्हमध्ये मधली वाट काढली: रोज लागणारी पाती बाहेरून, एका हाताने उघडणारी, क्वचित लागणारी हत्यारं आत. तेव्हा ‘रुततं’ म्हणणाऱ्याने आधी एवढं सांगावं, की तळवा सुखात ठेवण्यासाठी तो किती ग्रॅम जास्त वागवायला तयार आहे.

लॉकचा मुद्दा इथेच येतो, आणि त्याला फार शब्द खर्चायला नकोत. एका हाताने झटकन उघडणारं पातं तितक्याच सहज मिटू शकतं, आणि मिटताना त्याच्या वाटेत बोटं असतात. स्क्रूड्रायव्हर जोराने ढकलताना निसटून दुमडला की बोटांच्या पेरांवर आपटतो. लॉक ह्यासाठी असतं. त्याचाही भुर्दंड आहेच: जागा खातं, कचरा अडकला की धड बसत नाही आणि काही रचनांत सोडवायला दुसरा हात लागतो. मिटलेली हत्यारं उघडी पडू नयेत म्हणून स्प्रिंगचा ताण पुरेसा असतो. उघडलेलं पातं कामाच्या जोराखाली धरून ठेवायला मात्र तो पुरत नाही.

स्क्रूड्रायव्हरबद्दल मी त्या मजकुराच्या अर्ध्या बाजूने आहे. दोन नंबरच्या फिलिप्सची, म्हणजे फुलीच्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरची, नेहमीची दांडी सहा मिलिमीटर जाड असते. मल्टीटूलमधली सपाट हत्यारं दोन-तीन मिलिमीटरची. म्हणजे एक खरा गोल फिलिप्स दोन-तीन हत्यारांची जागा खाणार. म्हणून अनेक रचनांत तो चपटा घासून बसवतात. फुलीचे दोन पंख पुरते राहतात, उरलेले दोन नावापुरते. नव्या, स्वच्छ स्क्रूला तो चालतो. रंग बसलेल्या किंवा आधीच झिजलेल्या स्क्रूवर तो घसरतो, आणि फिलिप्सच्या खाचेला मुळातच जोर वाढला की टोक बाहेर ढकलायची खोड आहे.

पण ‘शोभेचे’ म्हणताना मजकूर पिळाच्या ताकदीवर बोट ठेवतो, आणि तिथे तो उलटा बोलतो. हँडल काटकोनात उघडून टोकाला तीस न्यूटन, म्हणजे तीन किलोच्या वजनाइतका, जोर दिला तर दहा सेंटीमीटरच्या भुजेवर तीन न्यूटन-मीटर पीळ तयार होतो. ८.८ ह्या ताकदीच्या दर्जाचा चार मिलिमीटरचा बोल्ट आवळायला साधारण तेवढाच लागतो. म्हणजे पीळ भरपूर आहे, किंबहुना छोट्या स्क्रूच्या खाचा उडवण्याइतका आहे. खरी उणीव निराळी. स्क्रूड्रायव्हर हँडलच्या कोपऱ्यातून निघतो, त्यामुळे फिरण्याचा अक्ष मुठीच्या मधून जात नाही आणि फिरवताना हात झोल खातो. सरळ मागून दाब देता येत नाही, आणि फिलिप्सला नेमका तोच दाब हवा असतो. दांडी आखूड असल्याने खोल भोकातल्या स्क्रूपर्यंत ती पोहोचतच नाही. तिथे हँडलचा रुंद खांदा आधी अडतो.

ह्यावरचा उपाय म्हणजे सुटे बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची बदलता येणारी टोकं. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे षट्कोनी बिट जगभर चालतात, आणि ते थेट घेणारं मल्टीटूल मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. मात्र असा धारक जाड होतो, म्हणून लेदरमनने चपटे बिट काढले. ते छान मावतात, पण षट्कोनी धारकात बसणारा दुकानातला कुठलाही बिट त्यात चालत नाही. ही तक्रार त्या मजकुरात असायला हवी होती. ती नाही.

आता पोलाद. ‘मुद्दाम मऊ’ हा आरोप गंभीर आहे, म्हणून आकड्यांत बोलू. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या खिशातल्या चाकूंची रॉकवेल सी मोजपट्टीवरची कठीणता (आकडा मोठा तितकं पोलाद कठीण) अशी देते: पाती ५६, करवत आणि कात्री ५३, स्क्रूड्रायव्हर आणि डबा उघडायचं हत्यार ५२, स्प्रिंग ४९. एकाच चाकूत चार वेगवेगळी पाणी दिलेली आहेत. स्प्रिंगला ५६ चं पाणी दिलं तर ती लवचिकपणा गमावून तुटेल. स्क्रूड्रायव्हरला दिलं तर पिळताना त्याचा कोपरा उडेल. कठीणता आणि चिवटपणा ह्या सहसा एकमेकींच्या जिवावर वाढतात, हे कुठल्याही लोहाराला ठाऊक असतं.

मल्टीटूलची अडचण अशी, की पकडीचा एकच तुकडा दोन विरुद्ध कामं करतो. जबड्याने चिवट असावं, आणि त्याच जबड्याच्या मुळाशी असलेल्या तार-कापणीने कठीण असावं. चांगल्या साइड कटरच्या, म्हणजे नुसती तार कापणाऱ्या पकडीच्या, धारा ६० च्या पुढे कडक केलेल्या असतात, कारण त्यांना पिळायचं काम नसतं. शिवाय गंजू नये म्हणून मल्टीटूलला स्टेनलेस हवं, कारण हे हत्यार घामाच्या खिशात आणि पावसात राहतं. त्यात पियानोची तार किंवा स्प्रिंगची तार कापायला घेतली तर धारेला खाच पडणारच. ह्यावर काही मॉडेलांत धारा सुट्या करून छोट्या स्क्रूंनी बसवल्या: जबडा चिवट, धार अधिक कठीण पोलादाची, आणि झिजली तर बदलायची. ग्राहकाने दोन वर्षांत नवं मल्टीटूल घ्यावं असा डाव असता तर बदलता येणाऱ्या धारा कोणी कशाला दिल्या असत्या, आणि लेदरमनने २५ वर्षांची हमी तरी कशाला दिली असती? निनावी स्वस्त नकलांमध्ये पोलाद खरोखरच मेणासारखं असतं, हे मान्य. पण मग आरोप त्यांच्यावर करा.

सर्वांत चुकीचा आहे तो शेवटचा सल्ला: जास्त हत्यारांचं घ्या. वेव्ह प्लसवर १८ हत्यारं लिहिलेली असतात. त्यातली पाच एकाच पकडीतली आहेत: बारीक नाक, साधी पक्कड, तार कापणी, कठीण तार कापणी आणि क्रिंपर, म्हणजे तारेवर जोडणीचं टोक दाबून बसवायची जागा. आणखी एक म्हणजे हँडलवर कोरलेली मोजपट्टी. ह्यात फसवणूक नाही, सगळं खरंच आहे. पण आकडा पाहून खरेदी करणाऱ्याने निदान यादी वाचावी. आणि प्रत्येक खरं वाढीव हत्यार हँडलची जाडी वाढवतं. एक काढायला गेलं की शेजारची दोन सोबत उठून येतात, नखाने सोडवत बसावं लागतं. जाड हँडलमुळे मूठ फाकते, आणि फाकलेल्या मुठीत कमी जोर असतो, म्हणजे परत पकडीचंच नुकसान. मी तरी यादी उलटी वाचतो: गेल्या वर्षभरात जे एकदाही उघडलं नाही, ते पुढच्या मल्टीटूलमध्ये नको.

टायटॅनियमचं एवढंच. ते पोलादाच्या साधारण ५५-६० टक्के वजनाचं आहे हे खरं. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या जेमतेम निम्मा आहे, म्हणून त्याच मापाचं हँडल दाबल्यावर जास्त वाकतं. वजन वाचवायचं तर चालेल. ‘जास्त मजबूत’ म्हणून जादा पैसे मोजू नका. पाती आणि पक्कड तिथेही पोलादाचीच असतात.

राहता राहिलं मजकुरातलं एकमेव कौतुक: विजेच्या किरकोळ कामांना बरं. बाकी सगळीकडे खोड काढणाऱ्याने इथे मात्र नको तिथे उदारपणा दाखवला आहे. ह्या हत्याराचं हँडल उघड्या धातूचं आहे, आणि जबड्यापासून तळव्यापर्यंत धातूचा अखंड रस्ता आहे. हँडलवर प्लास्टिकची पट्टी असली तरी तिच्या कडेला रिवेट आणि पत्रा उघडाच असतो. वीज सुरू असताना वापरायची हत्यारं वेगळी असतात; ती आयईसी ६०९०० ह्या मानकानुसार तपासलेली असतात आणि त्यांच्यावर १००० व्होल्टची खूण असते. दुमडणारं, खिशातलं, सगळ्या बाजूंनी उघडं मल्टीटूल त्या कामाचं नाही. मुख्य स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून मगच ते तारेला लावा, आणि तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर निदान ही ओळ खोडून पाठवा.