शेंगांच्या टरफलांचा आवाज

आजोळी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मामा दारावर तिकिटं फाडायला. ‘पिक्चर कसाय?’ असं विचारलं तर स्टोरी कधी सांगायचे नाहीत. म्हणायचे, “मध्यंतरानंतर आत जाऊन नुसतं ऐक. शेंगांच्या टरफलांचा आवाज येत असला तर सरळ घरी चल.” माणूस गुंतला की पुडी मांडीवर तशीच राहते, हे त्यांचं शास्त्र.

मामा आठवले कारण गेले काही आठवडे रात्री जेवणं उरकली की मी शंभर वर्षांपूर्वीचं एक अमेरिकन साप्ताहिक चाळत बसतोय. ‘एक्झिबिटर्स हेरल्ड’. शिकागोहून निघायचं, प्रकाशक मार्टिन क्विग्ली, आणि वाचक म्हणजे सगळे थिएटरमालक. १९१६ पासून त्यात एक सदर होतं: ‘व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी’. म्हणजे पिक्चर चांगला की वाईट ते राहू दे, माझ्या गल्ल्याचं काय झालं ते सांगतो! आडगावचे मालक दोन-चार ओळी लिहून पाठवायचे. पिक्चर कुठला, नट कोण, लोक आले का, आलेले बाहेर पडताना काय बोलले. खाली मालकाचं नाव, थिएटर, गाव आणि गिऱ्हाईक कसलं: लहान गावातलं, मोहल्ल्यातलं की सरमिसळ.

याची गरज होतीच. नवा चित्रपट आधी मोठ्या शहरांत लागायचा आणि खाली झिरपत गावात पोचेपर्यंत महिनोन्‌महिने जायचे. गावातला मालक दर दोन-तीन दिवसांनी खेळ बदलणार, तो आधी कुठे आणि कधी बघणार? त्यात पॅरामाउंट या बड्या फिल्म कंपनीच्या झुकोरसाहेबांची गठ्ठापद्धत. मेरी पिकफर्डसारखी लाडकी नटी हवी ना, मग हे बाकीचेही उचला, बरेचदा न बघताच. या जाचाला वैतागून मालकांनीच १९१७ मध्ये एकत्र येऊन ‘फर्स्ट नॅशनल’ ही स्वतःची चित्रपट कंपनी काढली. ज्याला तेवढी ऐपत नव्हती, त्याला आधार दुसऱ्या गावच्या मालकाच्या चार ओळींचा.

आणि काय ओळी असतात! मला स्वतःला फार आवडला पण लोक आले नाहीत, असं बेधडक लिहिलेलं असतं. पाऊस, चिखलाचे रस्ते, सुगीचे दिवस, वाढीव भाडं, घासून पाऊस पडायला लागलेली प्रिंट, सगळ्याचा हिशेब. भरजरी पोशाखातल्या ऐतिहासिक पटांवर खेड्यातल्या मालकांचा राग. काउबॉयपटांचा हिरो टॉम मिक्स आणि त्याचा घोडा म्हटलं की शनिवारची काळजी मिटली. आजच्या साडेतीन स्टारपेक्षा मला हे जास्त पटतं. समीक्षकाला वाचक रस्त्यात भेटत नाही. या मालकाला कालचं गिऱ्हाईक आज वाण्याच्या दुकानात भेटणार आणि तोंडावर सुनावणार.

अर्थात भाबडेपणाने वाचू नये. मूकपटाचा अर्धा खेळ हॉलमध्येच व्हायचा. पियानोवाली कशी वाजवते, यंत्र किती वेगाने फिरतं. गर्दीच्या दिवशी एक खेळ जास्त बसवायचा म्हणून रिळं पळवायचे. नायिका रडतेय की फुगडी घालतेय कळायचं नाही, आणि मग हाच मालक लिहिणार, पिक्चरमध्ये दम नाही! दुसरी गोष्ट जास्त बोचते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या प्रेक्षकांना आत घेतलंच तर वर बाल्कनीत, वेगळ्या जिन्याने. ‘सगळ्यांना आवडला’ असं लिहिताना मालकाने वरच्यांना विचारलं होतं का?

एक मित्र म्हणाला, या लोकांच्या भरवशावर राहिलो असतो तर बस्टर कीटन या विनोदी नटाचा १९२६ चा ‘द जनरल’ हातचा गेला असता. खरंय, तेव्हा त्या खर्चाच्या मानाने तो चालला नाही. पण पडलेल्याला पडला म्हणणाऱ्याचं चुकलं काय? तो कलेचा इतिहास लिहायला बसलाच नव्हता, त्याला महिन्याचं भाडं भरायचं होतं.

आपल्याकडची फाळक्यांची हकीकत याच जातीची. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कोरोनेशन थिएटरला चालला. सुरतेला मात्र पहिल्या दिवशी म्हणे तीन रुपये जमले. दोन आण्यांत सहा तास नाटक मिळत असताना तीन आण्यांत दीड तास कोण बघणार? तर फाळक्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आणे! गल्ला तीनशेवर गेला असं सांगतात. हरिश्चंद्र तोच, रीळ तेच. गिऱ्हाईक कशावर अडलंय ते बरोब्बर हेरलं.

पुढे १९२७ मध्ये इंग्रज सरकारने सिनेमाच्या चौकशीसाठी नेमलेल्या रंगाचारी समितीने आपल्याकडच्या थिएटरमालकांना विचारलं, लोकांना काय आवडतं? साक्षींमध्ये पुन्हा पुन्हा एकच सूर: शिकलेल्यांना विलायती, अडाण्यांना पौराणिक आणि हाणामारी. झाली वाटणी. शिकागोच्या त्या अंकांमधला चिखल, सुगी, भाडं यातलं काही नाही, नुसते दोन कप्पे. वाचताना चिडचिड होते, कारण आमचे मामा याच ‘अडाण्यां’कडे तोंड आणि पडद्याकडे पाठ करून उभे असायचे. एकही पिक्चर त्यांनी धड पाहिला नाही, पण कुठला आठवडाभर टिकेल ते पहिल्याच रात्री सांगायचे.

तुमच्या गावच्या टॉकीजच्या डोअरकीपरचा असा काही ठोकताळा होता का? सायकली, चहाचे ग्लास, पोरांची रडारड, काहीही चालेल. सांगा.