सोमवार सकाळची गोळी

पुण्यात कर्वेनगरात माझं मेडिकल आहे, आजूबाजूला सगळी होस्टेलं न् पीजी, त्यामुळे सोमवारी सकाळी सगळ्यात जास्त काय खपतं ते सांगायची गरज नाही. आयपिल, संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी. यावर नाक मुरडायचं असेल तर पुढे वाचू नका, पोरं अठराच्या वरची आहेत, त्यांचं ती बघतील. माझी चिडचिड वेगळी आहे.

७२ तासांच्या आत घ्यायची ही गोळी इमर्जन्सीसाठी आहे हो, आणि काही पोरी ती दर पंधरा दिवसांनी नेतात. का? तर बाकी काहीही आधीपासून ठरवून घ्यावं लागतं आणि आधी ठरवलं म्हणजे मुलगी "तसली". मग गोळी घ्यायला तिला पाठवायचं आणि तिचा मित्र बाहेर गाडीवर हेल्मेट घालून बसणार. कंडोम घ्यायला आलाच तर आधी विक्स, मग पाण्याची बाटली, मग दुकान रिकामं होईपर्यंत शाम्पू वाचत उभा.

ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, ते आधीच पडलेलं असेल तर उपयोग नाही. रोगापासून तर काहीच संरक्षण नाही. पुढची पाळी मागेपुढे होते, की पोरगी घाबरून टेस्ट किट न्यायला परत हजर. आणि पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली तर ती या गोळीपेक्षा जास्त खात्रीची, पण हे कुणाला माहितीच नसतं. सरकारी दवाखान्यात "छाया" ही गर्भनिरोधक गोळी फुकट मिळते, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने शोधलेली, हार्मोन नसलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा मग एकदाच. पण तिथे गेलं की पहिला प्रश्न, लग्न झालंय का? २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या कायद्यात लग्न झालेली-न झालेली असा भेद चालणार नाही म्हणून सांगितलं, ते केसपेपर लिहिणाऱ्या बाईंपर्यंत अजून पोचायचंय.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली. वडलांच्या, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या नावाने आमचं अख्खं कर्वेनगर, मुलाचं नाव काढलं की इथलीच पोरं विचारतात, कोण?

फर्स्ट इयरला अँटी-रॅगिंगचा फॉर्म भरून घेतात ना, त्याच दिवशी एखाद्या गायनॅकला अर्धा तास द्या की. मी फुकट यायला तयार आहे, एका कॉलेजात विचारलं तर म्हणे मॅडम, पालक काय म्हणतील. पालकांचं माझ्यावर सोडा, बीपीच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात.