‘स्क्रीनशॉट काढून ठेवा, झालं काम’ म्हणे

एक सल्ला सगळीकडे फॉरवर्ड होतोय: बांधकामाचा वाद लवादात गेला तर इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणजे ईमेल आणि व्हॉट्सॲप, चॅटचे स्क्रीनशॉट काढा, कामाच्या शेड्युलची पीडीएफ जोडा, बाकी सगळं ऑफिसच्या सर्व्हरवर असतंच. यातलं एकही वाक्य पूर्ण खरं नाही.

ईमेल-चॅट लागतातच, नाही कोण म्हणतंय, पण त्यातून कोण कोणाला काय बोललं एवढंच कळतं, साइटवर काय घडलं ते मशीनला माहीत असतं. काँक्रीटवरून भांडण असेल तर काँक्रीट मिसळणाऱ्या बॅचिंग प्लांटच्या कंप्युटरात बॅचवार सिमेंट, पाणी, वेळ पडलेली असते. एक्स्कॅव्हेटर नुसता उभा ठेवावा लागला म्हणून क्लेम टाकलाय? मग टेलिमॅटिक्स (मशीन स्वतःच पाठवतं तो डेटा) काढा, इंजिन किती तास चाललं, त्यातलं आयडल म्हणजे काम न करता नुसतं सुरू किती, मशीन कुठे होतं, सगळं येतं (वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचा हा डेटा एका साच्यात मिळावा म्हणून आयएसओ १५१४३-३ हे स्टँडर्डही आहे). फक्त इंजिन चालू म्हणजे काम चालू असं समजू नका, समोरचा वकील पहिलं तेच विचारेल. शिवाय गेटवरची हजेरी, टोटल स्टेशनचं (सर्व्हेच्या मोजणी यंत्राचं) रॉ रीडिंग, ड्रोनचे फोटो.

स्क्रीनशॉटचं म्हणाल तर तो कोणीही एडिट करू शकतो, त्यामुळे चॅट एक्सपोर्ट करा आणि मूळ फोनही जपा. आणि व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की आतली तारीख-लोकेशनची माहिती गळून जाते, ग्रुपवर दिसते ती फक्त पाठवल्याची वेळ, म्हणजे क्रॅकच्या फोटोचा खरा सोर्स तो काढणाऱ्या इंजिनिअरचा फोन, आणि तो इंजिनिअर नोकरी सोडून गेला की फोनपण गेला.

शेड्युलची पीडीएफ तर सगळ्यात फसवी. बार दिसतात, पण लॉजिक लिंक (कोणतं काम कशावर अवलंबून), लॅग (दोन कामांमधलं अंतर), कन्स्ट्रेंट (तारखेची सक्ती), कॅलेंडर नीट तपासायचं तर प्रायमावेरा या शेड्युलिंग सॉफ्टवेअरची मूळ एक्सईआर फाइलच लागते, आणि एक नाही, बेसलाइन म्हणजे सुरुवातीचं मूळ शेड्युल आणि दर महिन्याचं प्रत्येक अपडेट, कारण मागच्या ॲक्च्युअल तारखा नंतर कोणी गुपचूप बदलल्या असतील तर दोन अपडेट शेजारी ठेवल्यावरच कळतं. ब्रिटनमधल्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉचा डिले अँड डिसरप्शन प्रोटोकॉल (उशिराच्या वादांसाठीची मार्गदर्शिका, दुसरी आवृत्ती, २०१७) सुद्धा प्रोग्राम म्हणजे शेड्युल मूळ सॉफ्टवेअर फाइलमध्येच द्या म्हणतो.

राहिला सर्व्हर. बॅचिंगचा डेटा आरएमसी (तयार काँक्रीट) सप्लायरकडे, टेलिमॅटिक्स मशीन भाड्याने देणाऱ्याकडे नाहीतर कंपनीच्या क्लाउडवर, ड्रॉइंग कोणी कधी अपलोड केलं आणि कोणी उघडलं याचा लॉग क्लायंटच्या डॉक्युमेंट पोर्टलवर, जिथलं तुमचं लॉगिन प्रोजेक्ट संपला की बंदही होऊ शकतं. त्यामुळे वादाचा वास आला की आधी यादी करा, कोणता डेटा कोणाकडे, किती दिवस टिकतो, आणि त्या सगळ्यांना ‘डिलीट करू नका’ असं लेखी कळवा. फाइल हातात आली की एसएचए-२५६ हॅश (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून ठेवा, काम कॉपीवर करा. सुरुवात सीसीटीव्हीपासून करा, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) भरला की जुनं फुटेज आपोआप पुसतो.