राकसकोपचं पाणी जातं कुठं?

गेल्या आठवड्यात बेळगावातल्या टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो चोर्ला घाटावरून. बँकेतला दोस्त रविवारी घाटात जाऊन आलेला. मोबाईलवर धुकं आणि धबधबे दाखवत म्हणाला, "निसर्ग बघायचा तर असा. गावात काय ठेवलंय मर्दा?"

वडगावचा मित्र गप्प बसला होता. त्यानं पिशवीतून भाताची मूठभर रोपं काढून कट्ट्यावर ठेवली. पाती पिवळी पडून एकमेकांना चिकटलेली, देठावर काळा चिकट थर, मुळांत प्लॅस्टिकची चिंधी गुंतलेली. वास गटारीचा.

"हा घे गावातला निसर्ग. सहा दिवस पाण्याखाली होता."

बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं, ही बातमी आम्ही दर पावसाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात वळवाच्या आगेमागे धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतली पेरणी होते. पीक जोमात येतं आणि नेमका तेव्हा नाला फुगतो. पात्रात गाळ, वर जलपर्णी आणि त्यात शहराचं सांडपाणी. पाणी ओसरलं की कुजलेल्या जागी पुन्हा रोप लावायचं, बी आणि मजुरीचा खर्च पुन्हा. आपण पाहुण्यांना कौतुकानं वाढतो तो बेळगावी बासमती याच काळ्या मातीतला. भात निघाल्यावर तिथल्याच ओलीवर मसूर आणि वाटाणा येतो. एवढी कसदार जमीन शहराला लागून असणं हे भाग्य आहे, असं मला मनापासून वाटतं.

बँकवाला हटला नाही. "घरपट्टी भरतोय की आम्ही. नाला साफ करायचं आमचं काम काय?"

कट्ट्यावरचे मास्तर म्हणाले, "बरं, तुझ्या नळाला पाणी कुठलं येतंय?"

"राकसकोपचं."

"आणि मोरीतून जातंय कुठं?"

तो गप्प झाला. खरं सांगायचं तर मलाही उत्तर येत नव्हतं. राकसकोप धरण 2,475 फुटांवर भरतं, हे आम्हाला तोंडपाठ. जून-जुलैत रोजची पातळी कट्ट्यावर चर्चेला असते. त्यातलं मार्कंडेय नदीचं पाणी हिंडलग्याहून लक्ष्मी टेकच्या जलशुद्धीकरण केंद्रावर चढतं हेही माहीत. पण मोरीच्या जाळीखाली गेलं की आमच्या लेखी ते पाणी संपलं.

मास्तरांनी काँग्रेस विहिरीची आठवण काढली. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा आलेल्या माणसांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत ती खोदली. "पाणी लागणार म्हटल्यावर आधी कुदळ उचलली लोकांनी," ते म्हणाले.

मग बँकवाल्यानं वर्मावर बोट ठेवलं. "तुझ्याच भावकीनं रस्त्याकडची जमीन गुंठ्यानं विकली नव्हं? तिथं भराव पडला म्हणूनच पाणी तुंबायलंय."

"विकली की," वडगावचा म्हणाला. "तीन वर्षं सलग पीक गेलं. पोरांची फी भरायची होती. तू काय केलं असतास?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला तर दोघांचंही पटत होतं. प्लॉट आपणच घेतले, भरावावर घरं आपणच बांधली. विकणाऱ्याला एकट्याला बोल लावणं बरं नव्हे.

बराच वेळ कुणी बोललं नाही. बँकवाल्यानं ती रोपं हातात घेऊन उलटसुलट बघितली, हात झटकले नाहीत. मग उठला, मोबाईलची बॅटरी लावली आणि कट्ट्यामागच्या गटारीच्या कडेनं चालू लागला. आम्हीही निघालो. दोन गल्ल्या ओलांडल्या. एका ठिकाणी फरशी फुटलेली, आत साबणाचा फेस धावत होता. पुढं एका नव्या इमारतीच्या कंपाउंडपाशी गटार भिंतीखाली शिरली. कान लावला तर पलीकडे पाण्याचा आवाज होता.

वडगावचा म्हणाला, "इथनं पुढं आमच्याकडेच येतंय ते. उद्या उजेडी या, दाखवतो."

सकाळी सहाला याच भिंतीपाशी भेटायचं ठरलं.