अण्णा विरुद्ध हेझी

परवा संध्याकाळी अण्णा कट्ट्यावर आले तेच तणतणत. आदल्या दिवशी बाळ्यानं फार गळ घातली म्हणून त्यांनी आयुष्यातली पहिली हेझी आयपीए, म्हणजे हॉप्सच्या फुलांनी वास-चव येणाऱ्या इंडिया पेल एल बिअरचा धूसर प्रकार, प्यायली होती. कॅन बाळ्यानंच आपल्या घरून आणून दिला होता.

"गाळायची राहून गेलेली बिअर आहे ती," अण्णा म्हणाले. "पूर्वी असा गढूळ माल निघाला तर ब्रुअर खाली मान घालायचा. आता तोच दोष मिरवतात."

अण्णांचा जीव वेस्ट कोस्ट आयपीएवर. सोनेरी, आरपार दिसणारी, कोरडी, आणि घोट घेतल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणा बराच वेळ रेंगाळत ठेवणारी. ती चव त्यांनी वर्षानुवर्षं कमावली आहे, त्यामुळे त्यांचा राग मला उथळ वाटत नाही. ज्याला तुम्ही कसब मानत आलात, तेच कुणी नको म्हणून बाजूला सारलं तर लागतं मनाला.

बाळ्या तयारीतच होता. "अण्णा, दोष असता तर लोक असे तुटून पडले असते का? 2018 साली ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलच्या स्पर्धेत 'ज्युसी ऑर हेझी' आयपीएचा स्वतंत्र वर्ग पहिल्यांदा ठेवला. पहिल्याच वर्षी 391 बिअर आल्या त्यात. सगळ्या वर्गांत जास्त. तोवर कित्येक वर्षं हा मान तुमच्या अमेरिकन आयपीएकडे होता. त्याच वर्षी सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीनं हेझी लिटल थिंग ही बिअर काढली. ज्यांनी 1980 पासून पेल एल करून लोकांना हॉप्सची चव लावली, तेच हे करतात, म्हणजे काहीतरी असेल ना?"

"गर्दी हा गुण नव्हे रे," अण्णा म्हणाले.

मॅडम इतका वेळ ऐकत होत्या. त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात आणि यीस्टचा विषय निघाला की त्यांना राहवत नाही. "अण्णा, बिअर निवळ असली पाहिजे हा आग्रहच मुळात अलीकडचा आहे. 1842 साली योसेफ ग्रोल या ब्रुअरनं बोहेमियातल्या प्लझेनला ती फिकट सोनेरी लागर, म्हणजे पिल्सनर, केली. त्याच काळात काचेचे पेले लोकांच्या हाती येऊ लागले, आणि आतलं दिसायला लागल्यावर निवळपणाचं कौतुक सुरू झालं. बव्हेरियातली गव्हाची बिअर आजही बहुधा ढगाळच असते. बेल्जियमची विटबिअर, तीही गव्हाचीच, तर जवळपास संपली होती. 1966 साली पिएर सेलिस यांनी हूगार्डन गावात ती पुन्हा उभी केली, तीही धूसरच."

"गव्हाच्या बिअरला राहू द्या गढूळ, तिचा तो धर्म आहे," अण्णांनी लगेच परतवलं. "आयपीएचा नाही."

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. एका जातीचा गुण दुसऱ्या जातीत दोष ठरू शकतो. म्हणून मी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याची गोष्ट काढली, कारण या प्रकरणाची नाळ तिथं पुरली आहे.

वॉटरबरी नावाच्या छोट्या गावात जॉन आणि जेन किमिच या जोडप्याचं अल्केमिस्ट नावाचं पब होतं. तळघरात ब्रुअरी. 2004 साली जॉननं तिथं हेडी टॉपर ही डबल आयपीए, म्हणजे जास्त कडक आयपीए, केली. यीस्ट होतं त्याचे गुरू ग्रेग नूनन यांच्याकडून आलेलं. पीच, जर्दाळूसारखा फळांचा वास देणारं, आणि तळाशी बसायला फारसं राजी नसलेलं. 28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाचा पूर आला आणि तळघरातली ब्रुअरी धुऊन निघाली. पब पुन्हा उघडलं नाही. पण गावातच दुसरीकडे त्यांनी कॅन भरायचा छोटा कारखाना उभा केला होता, तो त्याच सुमारास सुरू झाला, आणि हेडी टॉपर पहिल्यांदा पबाच्या चार भिंतींबाहेर पडली. तिच्यासाठी लोक दुसऱ्या राज्यांतून गाड्या घेऊन यायला लागले.

"आता ऐका," मी म्हटलं. "त्या कॅनवर ठळक अक्षरांत काय लिहिलेलं असतं माहितीये? कॅनमधूनच प्या. ग्लासात ओतलीत की हॉप्सचा जपून ठेवलेला सुगंध उडून जातो, म्हणून. अण्णा, जिच्यामुळे ही सगळी गढूळ लाट आली, तिचा कर्ता लोकांना सांगत होता की ती बघूच नका. गढूळपणा दाखवायचा असता तर त्यानं काचेच्या पेल्यातच ओतायला लावली असती."

अण्णा जरा थबकले. "मग हे फोटो काढत बसतात ते?"

"ते नंतर आलं. आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे."

माझं म्हणणं एवढंच की लोक धूसरपणावर भाळलेले नाहीत. ते भाळले आहेत कडवटपणाची किंमत न मोजता मिळणाऱ्या हॉप्सच्या सुगंधावर. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे धान्याच्या गोड काढ्यात, तासभर राहिली की त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि बिअर कडू होते. पण त्याच उकळीत सुगंधी तेलं वाफेबरोबर निघून जातात. हेझी करणाऱ्यांनी हॉप्स असे उकळण्यालाच फाटा दिला. आच बंद केल्यावर, वर्ट ऐंशी अंशांच्या आसपास उतरल्यावर हॉप्स टाकायचे, आणि मग पुन्हा फर्मेंटरमध्ये, कधी आंबवण चालू असतानाच, भरभरून टाकायचे. कडवटपणा थोडा उतरतो, तेलं मात्र बहुतेक राहतात.

"आणि आंबवण चालू असताना टाकले की यीस्ट त्यांच्यावर हात फिरवतं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "हॉप्समध्ये जेरॅनिऑल असतं, गुलाबासारखा वास. यीस्ट त्याचं सिट्रोनेलॉल करतं, तो लिंबाकडे झुकणारा. काही हॉप्समध्ये थायॉल असतात. पेरूचा, पॅशनफ्रूटचा जो वास येतो ना, तो त्यांचा. सोव्हिन्यों ब्लाँ वाइनमध्येही हेच रेणू असतात, म्हणून तर न्यूझीलंडच्या त्या हॉपला नेल्सन सोव्हिन नाव दिलं. या बिअरमध्ये कुणी आंबा-संत्रं पिळलेलं नसतं अण्णा. नुसती फुलं आणि यीस्ट."

हे ऐकताना मला दरवेळी नवल वाटतं. 1972 साली कॅस्केड नावाचा हॉप आला तेव्हा ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास हीच केवढी नवलाई होती. मग 2008 च्या सुमारास सिट्रा, ऑस्ट्रेलियातून गॅलॅक्सी, 2012 मध्ये मोझॅक. या जाती शेतात उभ्या राहिल्या नसत्या तर व्हरमाँटच्या पद्धतीला एवढं फळ धरलंच नसतं. बाकीची मांडणी सुगंधाला गादी घालण्यासाठी: ओट्स आणि गहू घालून अंग भरायचं, आणि पाण्यात सल्फेटऐवजी क्लोराइडकडे झुकायचं. जुन्या आयपीएसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सममधल्या सल्फेटमुळे जो कडवटपणा धारदार व्हायचा, त्याच्या बरोबर उलट.

"म्हणजे ते गढूळ यीस्टमुळे नाही?" बाळ्यानं विचारलं. हेझीचा एवढा भक्त, पण हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"नसावं," मॅडम म्हणाल्या. "धान्यातली प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल एकमेकांना धरून तरंगत राहतात, त्याचं ते धुकं. यीस्टचा गाळ तरंगत असेल आणि घशाला पिठूळ लागत असेल, तर ती चुकलेली बिअर. तिथं अण्णांचं बरोबर."

अण्णांनी संधी सोडली नाही. "आणि पीठ टाकतात त्याचं काय? नुसतं धुकं यावं म्हणून भांड्यात पीठ टाकणारे महाभाग आहेत, मी वाचलंय."

आहेत. आणि मला त्याचा मनापासून राग आहे. परिणाम होता त्याची खूण झाली, खुणेचा शिक्का झाला, आणि शिक्का मारला की आत काय आहे हे बघायची गरज उरली नाही. हॉप्सच्या बाबतीतही तेच. जितके जास्त तितकी भारी, ही समजूत. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2018 मध्ये कॅस्केड घेऊन नीट तपासलं, तर लिटरला 8 ग्रॅमच्या पुढे ड्राय हॉपिंग, म्हणजे न उकळता बिअरमध्ये हॉप्स टाकणं, वाढवून सुगंधात फारशी भर पडत नव्हती. उलट तो फळांकडून झाडपाल्याकडे, चहाच्या पत्तीकडे सरकत होता. तरी दुप्पट टाकल्याची जाहिरात करणारे आहेतच. मग घशात ती खरखरीत जळजळ होते, जिला पिणारे हॉप बर्न म्हणतात, आणि काही जण तीही मर्दुमकी समजून गिळतात.

मॅडमनी यात एक जुनी गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. हॉप्समध्ये थोडी विकरं असतात. ती बिअरमधल्या न आंबणाऱ्या शर्करेचे तुकडे करतात, मग यीस्ट पुन्हा जागं होतं, वायू वाढतो, लोण्यासारखा डायअॅसिटिलचा वास येतो. याला हॉप क्रीप म्हणतात. ब्राउन आणि मॉरिस या दोघांनी 1893 सालीच हे लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात ते फारसं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, कारण तेवढे हॉप्स कुणी टाकतच नव्हतं. हेझीनं ढिगानं टाकायला सुरुवात केली आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचा निबंध पुन्हा वाचावा लागला. सोपी, आळशांची बिअर म्हणून हिला हिणवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

पण अण्णांचा खरा बाण अजून भात्यातच होता. "ते सगळं ठीक. कडवटपणा काढलात, निवळपणा काढलात, मग आयपीए नाव कशाला? त्यातला आय म्हणजे इंडिया. हॉजसन या जुन्या ब्रुअरची बिअर लंडनहून निघायची, आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी कलकत्त्याला पोचायची, आणि पोचल्यावर जास्त चांगली लागायची. तेवढं टिकावं म्हणूनच तर हॉप्स शोधून काढले त्यांनी."

"शोधून नाही काढले," मॅडमनी अडवलं. "साठवणीच्या बिअरमध्ये भरपूर हॉप्स घालायची रीत आधीपासून होती. आणि त्या जहाजांतून पोर्टर ही काळपट बिअरही जायची, ढिगानं."

"बरं, नाही काढले. पण टिकायची ना? आणि ही? दोन महिन्यांत मान टाकते. विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या बिअरचं नाव, घरापर्यंत धड न पोचणाऱ्या बिअरला!"

कुणीच लगेच बोललं नाही. बाळ्यासुद्धा.

मी त्यावर बराच वेळ विचार करत होतो. अण्णा म्हणतात ते खरं आहे, आणि मला वाटतं लोकप्रियतेचं अर्धं कारण त्यातच आहे. इतका सुगंध, इतकी पॉलिफेनॉल असलेल्या बिअरला प्राणवायू जराही सोसत नाही. कॅन भरताना किंचित हवा शिरली तरी काही आठवड्यांत रंग मावळतो आणि फळं निघून जातात. त्यामुळे ती दूरच्या गोदामांत, उबदार फळ्यांवर पडून राहू शकत नाही. ती जिथं बनते तिथं जाऊन, बनल्या बनल्या प्यावी लागते. क्राफ्ट बिअरवाल्यांना छोटी ब्रुअरी, ओळखीचा ब्रुअर, दाराशी रांग हे सगळं हवंच होतं. या बिअरनं त्याला खरं कारण दिलं. मोठ्या कंपन्यांच्या लागरला ताजेपणा हा एक गुण आहे. हेझीचा तो प्राण आहे. जुनी आयपीए पिणाऱ्याकडे चालत यायची, या आयपीएकडे पिणाऱ्याला चालत जावं लागतं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा अण्णा "हूं" एवढंच म्हणाले.

मग मॅडमनी अगदी सहज विचारलं, "अण्णा, काल प्यायलात ती रंगानं कशी होती?"

"कशी म्हणजे? मातकट. थोडी करडीच म्हणा."

"पिवळीधमक नव्हती? संत्र्याच्या रसासारखी?"

"छे."

"वास?"

"कसला वास! ओल्या पुठ्ठ्यासारखा. आणि शिळ्या मधाचा."

मॅडम बाळ्याकडे वळल्या. "कॅनच्या बुडाशी तारीख असते. बघितली होतीस?"

बाळ्यानं कॅनचा फोटो काढून ठेवला होता, सगळ्या बाजूंनी. मोबाइल काढून त्यानं बुडाचा फोटो मोठा केला आणि गप्प झाला. मी वाकून पाहिलं. भरल्याला पाच महिने होऊन गेले होते.

"फ्रिजमध्ये होता ना रे?" मी विचारलं.

"पहिला महिना होता," बाळ्या म्हणाला. "मग जागा नव्हती म्हणून कपाटावर ठेवला. खास अण्णांसाठी राखून ठेवला होता."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. रागावलेले नव्हते. आपल्यासाठी कुणी काहीतरी पाच महिने जपून ठेवलं आणि जपण्यानंच ते बिघडलं, हे त्यांना कुठंतरी लागलं असावं.

"माझं मत बदललेलं नाही," ते उठता उठता म्हणाले. "एवढी नाजूक बिअर करू नये. पण जी मी प्यायलोच नाही तिला नावं ठेवणं बरं नाही. पुढच्या वेळी भरल्यापासून दोन आठवड्यांच्या आतली आण. थंड. आणि ग्लास नको आणूस, कॅनमधूनच पिईन."