आधी पंखा बदला, मग बॅटरी घ्या

परवा वळवाचा पाऊस झाला, वारं सुटलं आणि रात्री दहाला आमच्या गल्लीतली लाईट गेली, ती पहाटे तीनला आली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चार जणांनी एकच विचारलं, "ताई, इन्व्हर्टर कोणता घेऊ?" प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहिते. मी इलेक्ट्रिशियन नाही. जुळे सोलापुरात राहते, घरात दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत, आणि बारा वर्षांत दोन बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर बदलून जे कळलं ते सांगते.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "घर किती रूमचं?" आणि उत्तर द्यायच्या आत मोठी बॅटरी पुढे सरकते. खोल्या मोजून काही कळत नाही. लाईट गेल्यावर काय काय चालू राहायला हवं आणि किती तास, एवढंच मोजायचं. आमच्याकडे ते तीन पंखे, चार एलईडी बल्ब आणि वायफायचा डबा. सासूबाईंचं नेब्युलायझर, म्हणजे दम्याचं औषध श्वासातून देणारं यंत्र, लागलं तर दहा-पंधरा मिनिटं.

आता हिशेब बघा. १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, कागदावर १८०० वॉट-तास. पण शिशाची बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. हाताशी येतात ते साधारण १००० वॉट-तास. जुना साधा पंखा ७५ वॉट घेतो. तीन पंख्यांचे २२५, बल्ब आणि वायफायचे मिळून पंचेचाळीस-पन्नास, म्हणजे पावणेतीनशेच्या घरात. चार तास व्हायच्या आत बॅटरी बसते. आमचं पूर्वी असंच व्हायचं, रात्री दीड-दोनला पंखा हळू होत जायचा आणि सासूबाई उठून बसायच्या.

मग आम्ही बॅटरी तीच ठेवून पंखे बदलले. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, पूर्ण वेगात ३० वॉटच्या आसपास घेतो. तीन पंख्यांचे ९०. सगळं मिळून १४० वॉट. तीच बॅटरी आता सात तास जाते. परवाची रात्र सगळं घर पंख्याखाली झोपलं. शिवाय हे पंखे लाईट असतानाही बिल कमी करतात, आणि आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीपासून पंखा बंद होतोय कुठे? म्हणून माझं मत ठाम आहे. हातात पैसे मोजके असतील तर आधी पंखे बदला, मग राहिलेल्या पैशात बसेल ती बॅटरी घ्या.

इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचाच घ्या, म्हणजे घरच्या लाईटसारखीच सलग लहरीची वीज देणारा. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त मिळतो, पण त्याची लहर सलग नसते, त्यावर पंखा घूं घूं आवाज करतो आणि मोटर असलेली उपकरणं तापतात. ज्या घरात नेब्युलायझर आहे तिथे तर हा विचारही नको.

बॅटरी ठेवायची कुठे, हे कुणीच सांगत नाही. आमची पहिली बॅटरी जिन्याच्या वर, पत्र्याखाली ठेवली होती. जागा अडत नव्हती म्हणून. अडीच वर्षांत गेली. उष्णता शिशाच्या बॅटरीचं आयुष्य खाते. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं असं धरतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. दुसरी बॅटरी घरातल्या उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवली, हवा खेळती राहील अशी, कारण चार्ज होताना तिच्यातून गॅस निघतो. दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघते. नळाचं किंवा बोअरचं पाणी चुकूनही घालू नका, आपल्याकडचं पाणी किती क्षाराचं आहे ते नळाच्या तोटीवरचा पांढरा थर बघा म्हणजे कळेल. लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही, ती लवकर चार्ज होते आणि जास्त वर्षं टिकते. किंमत जास्त आहे. ज्यांच्याकडे लाईट दिवसातून अनेकदा जाते त्यांनी ती जरूर बघावी, कारण शिशाची बॅटरी पूर्ण भरायला आठ-दहा तास घेते आणि सतत अर्धवट भरलेली राहिली की खराब होते.

पाण्याची मोटर इन्व्हर्टरवर चालेल का, हा सोलापूरकरांचा हमखास प्रश्न. नळाला रोज पाणी येत नाही, आणि नेमकं पाणी यायच्या वेळी लाईट गेली की जीव वर-खाली होतो. पण अर्ध्या एचपीची मोटरसुद्धा सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. घरगुती इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. त्यापेक्षा जमिनीखाली हौद असेल तर पाणी आपसूक त्यात पडू द्या आणि लाईट आल्यावर वर चढवा.

विडी घरकुल आणि पूर्व भागातल्या मैत्रिणींसाठी वेगळं लिहिते. एका पंख्याखाली बसून दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला पंचवीस-तीस हजारांचा इन्व्हर्टर घ्या म्हणणं बरोबर नाही. आत बॅटरी असलेला एलईडी बल्ब दोन-चारशे रुपयांत मिळतो आणि अंधाराची तीन-चार तासांची सोय होते. त्याच्या जोडीला चार्जिंगचा टेबल फॅन. एवढ्यानेही लहान पोरांची रात्र निघते.

छतावर सोलर बसवलेल्यांचा एक गैरसमज दूर करायला हवा. २०२४ मध्ये सूर्य घर योजना आली, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि आमच्या कॉलनीत बऱ्याच जणांनी पॅनेल घेतली. बिल खरंच उतरलं. पण लाईट गेली की हे साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं, सोलर भर उन्हातही बंद पडतं. बिघाड नाही तो. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर तुमच्या छतावरची वीज बाहेरच्या तारांत जाईल आणि तिथे दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला बसेल. लाईट गेल्यावरही सोलर हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी लागते. पैसे देण्याआधी हे विचारून घ्या.

आणि जनरेटर. दुकान, दवाखाना, कारखाना असेल तर ठीक, घरात मी तो घेणार नाही. बंद खोलीत, जिन्याखाली तो कधीच चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. काही जण दोन्ही बाजूंना पिन लावलेली वायर करून जनरेटर थेट घरातल्या प्लगला जोडतात. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी डीपीपर्यंत, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जाते आणि तिथून पुढे ११ हजार व्होल्टची होते. परवा रात्री एक वाजता पावसात आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावर लाईट दुरुस्त करायला एक तरुण पोरगा चढला होता, खाली दुसरा टॉर्च धरून उभा. ती उलटी वीज अशाच पोराला बसते. ज्यांच्याकडे जनरेटर आहे आणि चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाईन किंवा जनरेटर, यातलं एकच घराला जोडणारा) नाही, त्यांनी उद्याच इलेक्ट्रिशियनला बोलवा.